सौरपंप केनियाला कसा न्यावा? छोट्या कंपन्यांसाठी पायरीपायरीने

केनियातल्या मचाकोसजवळच्या एका शेतावर संध्याकाळी पाचच्या सुमारास एका बाईंनी पंप बंद केला, पाइप गुंडाळला, पॅनेल पाठीला बांधलं, पंप हातात घेतला आणि घराची वाट धरली. पाऊण एकरात त्यांनी सुकुमा विकी लावली होती. ही तिकडची रोजच्या जेवणातली पालेभाजी. पंप रोज घरी का नेता, असं विचारलं तर म्हणाल्या, "रात्री इथे ठेवला तर सकाळी दिसणार नाही."

माझ्यासोबत पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पंप कंपनीचे इंजिनीअर होते. आमच्या बॅगेत ३, ५ आणि साडेसात एचपीच्या पंपांचं माहितीपत्रक होतं. पॅनेल लोखंडी सांगाड्यावर, सांगाडा काँक्रीटमध्ये. परतीच्या गाडीत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, या बाईंना विकण्यासारखं आपल्याकडे काहीच नाही."

त्या वाक्यापासून आमचं खरं काम सुरू झालं. छोट्या हरित कंपन्यांना बाहेरच्या देशात उभं करण्याचं काम मी करतो. त्यातून जे हाती लागलं ते इथे सौरपंप आणि केनिया या एकाच उदाहरणावर सांगतो. तुम्ही सोलर ड्रायर बनवत असाल, बायोगॅस संयंत्र किंवा सुधारित चूल बनवत असाल, तरी बहुतेक पायऱ्या याच. आणि तुम्ही स्वतः कंपनी चालवत नसाल, सीए, सल्लागार किंवा इन्क्युबेटरमधले (नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थेतले) असाल, तर हे जास्त तुमच्यासाठीच आहे, कारण कंपनीला वेळेवर 'थांबा' म्हणणारं माणूस तुम्हीच असता.

पायरी १ : घरचं गिऱ्हाईक नेमकं कोण, ते तपासा

महाराष्ट्रात सौरपंपाचा धंदा वाढला तो योजनांवर. २०१९ साली केंद्राची पीएम-कुसुम ही सौरपंपाची अनुदान योजना आली, राज्याच्याही योजना आल्या. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी ५ टक्के. उरलेले पैसे अनुदानातून आणि शासनाकडून येतात. शेतकऱ्यांचं यात भलं झालं, कंपन्याही उभ्या राहिल्या. पण अशा कंपनीचं खरं गिऱ्हाईक शेतकरी नसतो. यादीत नाव लावणं, निविदा भरणं, ठरलेल्या नमुन्याचा माल ठरलेल्या मुदतीत बसवणं आणि बिल पास करून घेणं यात ती तरबेज असते. संपूर्ण किंमत स्वतःच्या खिशातून देणाऱ्या माणसासमोर बसून पंप विकायची सवय तिला नसते.

केनियात तुमचा १० टक्केवाला शेतकरी नाही. तिथे पूर्ण पैसे शेतकरीच देतो, रोख किंवा हप्त्याने.

म्हणून पहिल्याच बैठकीत मी एक प्रश्न विचारतो: गेल्या वर्षी अनुदानाशिवाय किती पंप विकले? उत्तर 'पाच-सहा' असेल तर पासपोर्ट बाजूला ठेवायला सांगतो. आधी सहा महिने इथेच, जत-आटपाडीत नाहीतर सिन्नर-येवल्यात, नर्सरीवाल्यांना, फार्महाउसवाल्यांना, दूध संस्थांना पूर्ण किमतीत विका. त्यात जे शिकाल ते कुठल्याही निर्यात कार्यशाळेत मिळणार नाही.

याच वेळी ताळेबंदही बघा. योजनेतलं येणं उशिरा येतं, खेळतं भांडवल तिथे अडकलेलं असतं. निर्यातीत मालाची खरेदी झाल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत पाच-सहा महिने सहज जातात. तेवढा काळ पहिल्या मालाचे पैसे आले नाहीत तरी पगार होतील का? होणार नसतील तर आधी बँकेशी बोला.

पायरी २ : देश एकच निवडा

'आम्ही आफ्रिकेत जातोय' असं कुणी म्हटलं की मला काळजी वाटते. आफ्रिकेत पन्नासच्या वर देश आहेत. कायदा, चलन, भाषा, कर, सगळं वेगळं.

आम्ही केनिया निवडला तो अशा हिशेबाने. कागदपत्रं इंग्रजीत चालतात. वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झ. न्हावाशेवाहून मोंबासा हे केनियाचं बंदर समोरच्या किनाऱ्यावर, थेट जहाज मिळालं तर साधारण दोन-तीन आठवड्यांची वाट. २००७ पासून एम-पेसा आहे, म्हणजे साध्या फोनवरून पैसे पाठवणं तिथल्या खेड्यापाड्यात अंगवळणी पडलंय. हप्त्यावर सौर उपकरण घेण्याची पद्धत रुळलेली आहे. शिवाय केनिया पूर्व आफ्रिकी समुदायाचा सदस्य. २००५ पासून तिथे एक सीमाशुल्क संघ आहे आणि मोंबासात उतरलेला माल युगांडा-रवांडापर्यंत जातो.

दुसरी बाजूही वहीत लिहिली होती. चिनी माल स्वस्त आणि तिथे मुबलक आहे. धोरण बदलतं: २०२० मध्ये सौर साहित्यावरची व्हॅटची सूट काढली गेली आणि २०२१ मध्ये परत आली. मधल्या वर्षात ज्यांनी जुन्या करावर भाव दिले होते त्यांना तो फरक कुठून तरी भरावाच लागला असणार. चलनही हलतं: जानेवारी २०२४ मध्ये एका डॉलरला जवळपास १६० शिलिंग पडत होते, काही महिन्यांत भाव १३० च्या आसपास आला.

युरोपचं आकर्षण अनेकांना असतं. पहिल्या खेपेला मी ते टाळायला सांगतो. सीई चिन्ह (युरोपात माल विकायला लागणारी सुरक्षेची खूण), बॅटरीचे नियम, पोलाद-ॲल्युमिनियमवरचं कार्बन सीमाशुल्क हे सगळं पेलायला स्वतंत्र माणूस लागतो. वीस जणांच्या कंपनीत तो माणूस कुठून येणार?

पायरी ३ : दोन आठवडे तिथे जाऊन राहा, विकायला नव्हे

प्रदर्शनात स्टॉल घेणं ही पहिली पायरी नाही. नैरोबीच्या हॉटेलात भेटणारे लोक आणि मचाकोसच्या शेतावर भेटणारे लोक वेगळे असतात.

कधी जायचं तेही महत्त्वाचं. तिकडे मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. पंपाची गरज दिसते ती मधल्या कोरड्या काळात. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी किंवा ऑगस्ट-सप्टेंबर धरा. पावसात गेलात तर सगळे गोड बोलतील आणि पंप कुणालाच नको असेल.

चार प्रकारच्या माणसांना भेटा. पहिला ॲग्रोव्हेटवाला. बी-बियाणं, खतं, जनावरांची औषधं, फवारणी पंप असं सगळं एका छपराखाली विकणारं दुकान म्हणजे ॲग्रोव्हेट, आपल्या कृषी सेवा केंद्राचं भावंड. दुसरा फुंडी. स्वाहिलीत कारागिराला, मिस्त्रीला फुंडी म्हणतात. रस्त्याकडेला उघड्यावर वेल्डिंग-दुरुस्ती करणाऱ्यांना जुआ काली म्हणतात, म्हणजे शब्दशः 'कडक ऊन'. तिसरा सॅकोचा व्यवस्थापक. सॅको ही सभासदांची बचत-कर्ज सहकारी संस्था. आपल्या पतसंस्थेत वाढलेल्या माणसाला तिचं कामकाज अर्ध्या तासात कळतं. त्याच्याच जोडीला बायकांचे छोटे गट, ज्यांना चामा म्हणतात, ते आपल्या बचत गटांसारखे. दुकानाला तिथे 'दुका' म्हणतात, विम्याला 'बिमा'. हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवर ये-जा जुनी आहे, आणि मराठी माणसाला तिथे फार परकं वाटत नाही.

चौथा माणूस सगळ्यात मोलाचा: ज्याच्याकडे बंद पडलेला सौरपंप आहे. तो शोधून काढाच. पंप कधी घेतला, कितीला, कशाने बंद पडला, कुणाला फोन केला, पुढे काय झालं, सगळं लिहून घ्या. आम्हाला असे नऊ जण भेटले. बहुतेकांचा पंप किरकोळ कारणाने पडून होता. कुठे सील गेलं होतं, कुठे वायरचा जोड गंजला होता, कुठे वाळूने पंखा झिजला होता. दुरुस्तीचं सामान कुठे मिळतं, हे नऊपैकी एकालाही माहीत नव्हतं. बाजारातली आपली जागा मला तिथे दिसली, किमतीच्या शर्यतीत नव्हे.

सोबत मोजपट्टी आणि दोरी ठेवा. प्रत्येक ठिकाणी पाण्याची पातळी, शेतापर्यंतचा चढ, पाइपची लांबी मोजा. 'साधारण वीस फूट' यावर पंप ठरवायचा नसतो.

पायरी ४ : माल त्या जमिनीसाठी नव्याने बांधा

इथे जरा थांबून हिशेब करू, कारण बहुतेक कंपन्या नेमकी ही पायरी गाळतात.

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. भाजीपाल्याला कोरड्या दिवसांत रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं तर दिवसाला सुमारे २०,००० लिटर लागतं. पाणी एकूण १५ मीटर चढवायचं असेल तर निव्वळ ऊर्जा लागते ०.८ युनिट. छोट्या पंपाची आणि मोटरची मिळून कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर २.३ युनिट. दिवसाला पाच तासांचं पूर्ण ऊन आणि तापमान, धूळ, वायर यांतली घट धरली की ६०० वॅटच्या आसपास पॅनेल पुरतं. ठिबक असेल तर त्याहून कमी. आपल्याकडच्या योजनेतल्या ३ एचपी पंपाला सुमारे ३,००० वॅटचं पॅनेल असतं. म्हणजे मचाकोसच्या त्या बाईंना आम्ही गरजेच्या पाचपट यंत्र दाखवत होतो आणि पाचपट किंमत मागत होतो.

दुसरी गोष्ट उंची. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर आहे, महाबळेश्वरहूनही बरीच उंच. हवेचा दाब कमी, त्यामुळे वर ठेवलेला पंप पाणी ओढून घेताना लवकर हार मानतो. समुद्रसपाटीला सिद्धांताने १०.३ मीटर खोलीवरून पाणी ओढता येतं, तिथे सव्वाआठ-साडेआठच. व्यवहारात दोन्हीकडे याहून बरंच कमी मिळतं. तुमच्या पत्रकावर 'सक्शन ७ मीटर' छापलं असेल आणि चाचणी सांगलीत केली असेल, तर डोंगराळ भागात तो आकडा खोटा ठरेल. कंट्रोलरचंही, म्हणजे पॅनेल आणि मोटर यांच्यामधल्या इलेक्ट्रॉनिक खोक्याचंही, तेच. हवा विरळ असली की तो कमी थंड होतो. १,००० मीटरच्या वर किती भार कमी धरायचा, हे पत्रकात स्पष्ट लिहा.

तिसरी गोष्ट वाळू. तिकडच्या कोरड्या भागात नदीच्या वाळूत खड्डा करून पाणी घेतात, वाळूचे बंधारेही आहेत. गाळणी मोठी हवी, आणि शेतकऱ्याला हाताने उघडून धुता यायला हवी.

चौथी, चोरी. काँक्रीटमधला सांगाडा विसरा. पंपाला पकड हवी, वजन एका माणसाला पेलेल इतकं हवं, पॅनेलच्या चौकटीला पट्टा बांधायला कड्या हव्यात. आमच्या इंजिनीअरांनी परत येऊन वर्कशॉपमधल्या दोन मुलींना सांगितलं, हा पंप आणि पॅनेल घेऊन अर्धा किलोमीटर चालून या. त्या परत आल्यावर पहिला बदल पकडीत झाला, कारण पत्र्याची कड बोटांना कापत होती.

बारीकसारीक गोष्टीही आहेत. तिथलं सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं, तीन चौकोनी पिनांचं, म्हणून चार्जर देत असाल तर प्लग बदला. माहितीपुस्तिका स्वाहिलीत आणि चित्रांची करा. आणि पंपावर स्टिकर लावा, त्यावर केनियातला फोन नंबर. भारतातला नंबर तिथे कुणी लावत नाही.

पॅनेल इथून न्यायचं का? माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला नाही. नैरोबीत चिनी पॅनेल मुबलक मिळतं, आणि आपलं पॅनेल तिथे नेऊन त्या भावाला टिकलेलं मी पाहिलेलं नाही. पंप, मोटर आणि कंट्रोलर ही आपली ताकद. पंपाचं ओतकाम आणि वाइंडिंग या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, किर्लोस्करवाडी १९१० पासूनची. तेवढंच पाठवा. पॅनेल नसलं की पूर्ण कंटेनरही भरावा लागत नाही, इतरांच्या मालासोबत पाच-सहा क्रेट जातात आणि पहिल्या खेपेची जोखीम बरीच उतरते.

पायरी ५ : कागद

इथल्या बाजूचे कागद तुलनेने सोपे. परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड हवा, आणि तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करायचा, नाहीतर ऐन वेळी बंद पडलेला आढळतो. जीएसटीत हमीपत्र दिलं की निर्यातीवर आयजीएसटी आधी भरावा लागत नाही. बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलन हाताळणाऱ्या तुमच्या शाखेचा क्रमांक, बंदरावर नोंदवलेला असावा. अभियांत्रिकी मालासाठी ईईपीसी या निर्यात परिषदेचं सभासदत्व घ्या. मेळे, सवलती आणि तिथली माहिती यांसाठी ते उपयोगी पडतं.

मालाचा एचएस क्रमांक, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा जागतिक वर्गीकरण क्रमांक, मात्र स्वतः लक्ष घालून ठरवा. पंप ८४१३ मध्ये, जोडलेलं सौर पॅनेल २०२२ च्या बदलानंतर ८५४१.४३ मध्ये, लिथियम-आयन बॅटरी ८५०७.६० मध्ये. सगळं 'सोलर पंप किट' म्हणून एकाच ओळीत लिहिलं की तिकडच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला वाटेल तो अर्थ काढता येतो. सौर वापराच्या खास साहित्याला सवलत असते, पण माल त्यात बसतो हे कागदावरून दिसायला हवं. आयातदाराच्या क्लिअरिंग एजंटला, म्हणजे बंदरातून माल सोडवून घेणाऱ्याला, बिलाचा मसुदा आधी पाठवा, त्याने होकार दिल्यावरच अंतिम करा.

केनियाच्या बाजूला मुख्य नाव केब्ज, म्हणजे केनिया ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स. माल निघण्याआधीच भारतात त्यांच्या नेमलेल्या संस्थेकडून तपासणी होते आणि अनुरूपता प्रमाणपत्र मिळतं. ते नसताना माल मोंबासात उतरला तर पुढचा खर्च आणि मनस्ताप तुमचा. पॅनेलसाठी आयईसी ६१२१५ आणि ६१७३०, सौरपंप संचासाठी आयईसी ६२२५३ ही मानकं विचारली जातात. बॅटरी असेल तर वाहतुकीसाठी यूएन ३८.३ चाचणीचा अहवाल लागतो, त्याशिवाय जहाज कंपनी माल घेत नाही.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट सांगतो. एका कंपनीने, नाव नको, चाचणी अहवाल वेळेवर घेतला, पण मधल्या काळात कंट्रोलरचा डिस्प्ले बदलला आणि मॉडेल क्रमांकामागे एक 'बी' अक्षर जोडलं. अहवालावर 'बी' नव्हता. तपासणीसाने मालावरची पाटी वाचली, अहवाल वाचला आणि हात आखडता घेतला. प्रयोगशाळेचं खुलासापत्र येईपर्यंत माल गोदामात, जहाज निघून गेलेलं, आणि तिकडचा कोरडा हंगाम अर्ध्यावर. एका अक्षरासाठी. तेव्हापासून मी पाटीचा, अहवालाचा, बिलाचा आणि खोक्यावरच्या छपाईचा फोटो एका कागदावर शेजारीशेजारी चिकटवतो आणि कारखान्यातल्या दोन वेगवेगळ्या माणसांना वाचायला देतो.

आणखी एक साधी गोष्ट: लाकडी क्रेट. निर्यातीचं लाकूड कीड मरण्यासाठी उष्णता किंवा धुरी दिलेलं हवं आणि त्यावर गव्हाच्या लोंबीसारखा आयपीपीसीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचा, शिक्का हवा. गावातल्या सुताराकडून घाईत करून घेतलेलं खोकं चालत नाही. क्रेट बाहेरून मागवणार असाल तर शिक्का चारही बाजूंनी शोधा.

पायरी ६ : किंमत शेतापासून उलटी मोजा

बहुतेक जण कारखान्याच्या दरावर नफा लावून थांबतात. उलट करा. शेतकरी आज किती देतो ते तुम्ही पायरी ३ मध्ये लिहून आणलंय, तिथून मागे या.

समजा कारखान्यातला दर १०० रुपये आहे. पॅकिंग आणि न्हावाशेवापर्यंतची वाहतूक धरून १०६. जहाजभाडं आणि विमा धरून ११४. बंदर, आयात शुल्क, घोषणा शुल्क, रेल्वे आकार, एजंट मिळून आणखी १२ धरा, झाले १२६. वितरकाचे २० टक्के, १५१. ॲग्रोव्हेटचे १५ टक्के, म्हणजे १७४ च्या आसपास. सूट बसली नाही तर त्यावर १६ टक्के व्हॅट, म्हणजे दोनशेच्या पुढे. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण कारखान्यातला रुपया शेतावर दोन रुपये होतो, हे मनात पक्कं धरा. त्यात वॉरंटीचा खर्च अजून धरलेलाच नाही. तो वेगळा काढून ठेवा. रोडटेप किंवा ड्रॉबॅक या निर्यातदाराला कर परत देणाऱ्या योजनांमधून येणारे पैसे किमतीत धरू नका. दर बदलतात. आले तर वॉरंटीच्या डब्यात टाका.

दर कुठपर्यंतचा, तेही करारात नीट लिहा. पहिल्या खेपेला एफओबी न्हावाशेवा (इथे जहाजावर माल चढवेपर्यंतचा दर) किंवा सीआयएफ मोंबासा (तिथवरचं जहाजभाडं आणि विमा धरून). 'दारात पोचवून देतो' असं कबूल करू नका. तिकडचे कर तुमच्या अंगावर येतात.

पायरी ७ : वितरक

नैरोबीत तुम्हाला पिढ्यान्‌पिढ्या हार्डवेअरचा धंदा करणारी गुजराती कुटुंबं भेटतील. बोलणं हिंदीत होतं, जेवायला बोलावतात, बरं वाटतं. त्यांच्यात उत्तम व्यापारी आहेत. पण भाषा जुळली म्हणजे धंदा जुळला असं समजून पहिल्याच भेटीत सही करू नका.

मी एकच परीक्षा घेतो. सुट्या भागांचं कपाट दाखवा म्हणतो. दुकानात पंपांच्या रांगा असतील आणि सील, बेअरिंग, फ्यूज यांचा खण रिकामा असेल तर तो आपला माणूस नाही. दुसरं, त्याने सहा महिन्यांपूर्वी विकलेल्या तीन गिऱ्हाइकांचे नंबर मागतो आणि त्याच्यासमोरच फोन लावतो.

पूर्ण देशाचा एकाधिकार पहिल्या वर्षी देऊ नका. दोन-तीन काउंट्या (तिथले जिल्हे) द्या, वर्षाची संख्या ठरवा, ती गाठली नाही तर करार आपोआप संपेल असं लिहा. ट्रेडमार्क स्वतःच्या नावाने नोंदवा. एकाच अर्जाने अनेक देशांत ट्रेडमार्क नोंदवता येणाऱ्या माद्रिद व्यवस्थेत भारत २०१३ पासून आहे, केनियाही त्यात आहे, इथूनच अर्ज होतो. वितरकाने 'मी नोंदवून टाकतो' म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा.

पायरी ८ : शेतकऱ्याचे पैसे, तुमचे पैसे

शेतकऱ्याला हप्ते हवेत. कंपनीने सावकार होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पंप बनवणाऱ्याला वसुली जमत नाही, आणि परदेशात तर अजिबात नाही. सॅकोशी बोला. सभासदाची बचत आणि दुधाचे किंवा कॉफीचे पैसे त्यांच्याकडूनच वळते होत असतील तर हप्ता तिथेच कापता येतो, जसा आपल्याकडे ऊसबिलातून कापतात. सॅकोला तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात: पंप बंद पडला तर किती दिवसांत सुरू होईल, आणि हप्ता थकला तर पंप परत घेऊन दुसऱ्याला विकता येईल का. दोन्हींचं उत्तर लेखी द्या. हप्त्यावर विकणाऱ्या तिथल्या कंपन्यांना माल द्यायचा असेल तर कंट्रोलरला दूरून बंद-चालू करण्याची सोय लागेल, तिची तयारी आतापासून ठेवा.

तुमच्या पैशांचं थोडक्यात. बिल डॉलरमध्ये. पहिल्या खेपेला काही रक्कम आगाऊ, उरलेली कागद बँकेतून सोडवताना. रक्कम मोठी असेल तर पतपत्र (एलसी), म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची हमी. उधारीवर द्यायचं झालं तर आधी ईसीजीसीचं, पैसे बुडाले तर कामी येणारं, विमा संरक्षण. १९५७ पासून हेच काम करणारी ही सरकारी संस्था खरेदीदाराची पत तपासून मर्यादा ठरवते. तिने नकार दिला तर तो नकार ऐका. पैसे परत आणण्याची मुदत रिझर्व्ह बँक ठरवते, ती चालू काय आहे हे बँकेतून लिहून घ्या.

पायरी ९ : सेवा, पंपाच्या आधी

सुटे भाग पंपाच्या आधी पोचले पाहिजेत, निदान सोबत तरी. ५० पंप पाठवत असाल तर २५ सील, १० बेअरिंग जोड्या, ५ कंट्रोलर, गाळण्या आणि वायरचे जोड वेगळ्या क्रेटमध्ये, वेगळ्या यादीसह. हे अंदाजाचे आकडे आहेत, दुसऱ्या वर्षी तुमच्या नोंदीच तुम्हाला खरे सांगतील.

प्रत्येक काउंटीत दोन फुंडी निवडा. एकच असला तर तो आजारी पडतो, गावाला जातो. सौरयंत्रणा बसवणाऱ्यांना तिथे ऊर्जा नियामक एप्राचा परवाना लागतो, त्यामुळे निदान एक परवानाधारक जोडीला हवा. त्यांना इकडे बोलावा. आठवडाभर आमच्या वर्कशॉपमध्ये बसून दोन फुंडींनी पंप तीस-तीस वेळा उघडला आणि जोडला. त्यांनीच सांगितलं की मागच्या झाकणाचा षट्कोनी बोल्ट काढायला लागणारा पाना तिकडे खेड्यात मिळत नाही. बोल्ट बदलला. दीड रुपयाचा फरक, पण आमच्या एकाही इंजिनीअरला तो सुचला नव्हता.

दुरुस्तीचे व्हिडिओ स्वाहिलीत, एका मिनिटाचे, फोनवरच काढलेले. एका व्हिडिओत एकच काम. आणि वॉरंटीत फक्त तेच लिहा जे तुम्ही खरोखर कराल. 'पाच वर्षं' छापून तिसऱ्या महिन्यात फोन न उचलण्यापेक्षा 'एक वर्ष, सात दिवसांत दुरुस्ती' लिहा आणि पाळा. केनियाच्या २०२२ च्या कचरा व्यवस्थापन कायद्यात उत्पादकाची जबाबदारी धरलेली आहे, म्हणून जुने कंट्रोलर आणि बॅटऱ्या परत घेण्याची सोय वितरकाच्या करारातच घाला.

तिथे स्वतःची कंपनी काढायची घाई नको. भारतीय कंपनीने बाहेर भांडवल घालायचं तर २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम, बँकेमार्फत अर्ज, दरवर्षीचा अहवाल हे सगळं मागे लागतं. वर्षाला दोन-तीनशे पंप जायला लागले की मग बोलू.

सल्लागारांसाठी दोन शब्द

आपलं मानधन मालाच्या किमतीवर टक्केवारीने घेऊ नका. ते तसं ठरलं की माल जावा असंच वाटू लागतं, तयारी नसली तरी. मी कामाच्या टप्प्यांवर घेतो, आणि शेवटचा हप्ता पहिल्या कोरड्या हंगामानंतर.

दुसरा माल कधी पाठवायचा, हे त्याच हंगामावर ठरवतो. पहिले ५० पंप विकले गेले, ही खूण धरत नाही. कोरडा हंगाम संपल्यावर वितरकाला बाजूला ठेवून पन्नासही शेतकऱ्यांना फोन करतो. पंप आज चालू आहे का? बंद पडला होता तर किती दिवस? कुणी दुरुस्त केला? पैसे किती लागले? चाळिसाच्या वर पंप चालू असतील आणि बंद पडलेले सरासरी आठवड्यात सुरू झाले असतील, तर पुढची ऑर्डर. त्याखाली असेल तर इंजिनीअरनी बॅग भरायची, सोबत सुटे भाग घ्यायचे आणि बंद पंपांच्या शेतावर एकेक करून जाऊन यायचं.